साडेतेवीस लाखांचा पगार, अठरा लाख साठ हजारांची ऑफर: पुण्यातल्या एका टेस्ट लीडचं प्रकरण

चौदा वर्षं मी पुण्यातल्या कंपन्यांचं पेरोल बघते. नातेवाइकांत कोणालाही ऑफर लेटर आलं की आधी त्याची पीडीएफ माझ्याकडे येते, पेढे नंतर. हे प्रकरण माझ्या मावसभावाचं आहे. त्याला विचारून, नावं गाळून लिहिते आहे. आकडे जवळपास तसेच ठेवलेत, कारण सगळी गंमत आकड्यांतच आहे.

दादा टेस्ट लीड, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमचा प्रमुख, तेरा वर्षांचा अनुभव, शेवटची नोकरी हिंजवडी फेज दोनमध्ये. पुनावळ्याला फ्लॅट, त्याचा हप्ता ४१,६०० रुपये. वहिनी खासगी शाळेत शिकवते, तिला २८ हजार मिळतात. मुलगा चौथीत. मावशी आणि काका त्यांच्याकडेच असतात. काकांना २०२३ मध्ये स्टेंट बसवला, तो दादाच्या कंपनीच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीतून. वयही अडुसष्ट. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, आणि नेमका तोच मी विसरले.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार, दुपारी सव्वातीनला दादाचा फोन. कंपनीच्या पार्किंगमधून, गाडीत बसून. त्याचं प्रोजेक्ट जूनमध्ये संपलं होतं, पाच आठवडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, होता. त्या दिवशी एचआरने छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावून सांगितलं, "तुम्ही स्वतः राजीनामा टाका, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ येईल. दोन महिन्यांचं बेसिक देऊ. आज सही केलीत तर बरं." त्याच्या आदल्या महिन्यातच टीसीएसने जगभरातले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं होतं. त्याची कंपनी वेगळी, पण भीती सगळ्यांना सारखीच होती.

"अगं, सही करून मोकळा होऊ का? निदान लेटर तरी नीट मिळेल."

"दादा, आज काहीही सही करू नकोस. घरी ये, आणि येताना अपॉइंटमेंट लेटर शोधून ठेव."

लेटर वहिनीने शोधलं, शाळेच्या फायलींखालून. त्यात नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी ९० दिवस. रुजू तारीख ६ जानेवारी २०२१. मी प्रथम तारीखच पाहिली. पेरोलवाल्यांचं डोकं असंच चालतं.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेला, पाच वर्षं सलग नोकरी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यातलं कलम २-अ फारसं कोणाला माहीत नसतं. त्यानुसार आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस काम चालणाऱ्या आस्थापनेत वर्षातले १९० दिवस भरले, तर ते सलग वर्ष धरतात. इतर ठिकाणी ही अट २४० दिवसांची आहे. चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात एवढे दिवस भरलेल्यालाही ग्रॅच्युइटी मिळते, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. सगळ्या कंपन्या तो मानतात असं नाही. दादाच्या कंपनीच्या पॉलिसी डॉक्युमेंटात मात्र ते स्पष्ट लिहिलेलं होतं, पान अकरावर. ४ ऑगस्टला त्याचे पाचव्या वर्षातले कामाचे दिवस जेमतेम दीडशे होत होते. ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबला, तर सुट्ट्या वजा जाऊनही दोनशेच्या घरात जात होते.

बेसिक, म्हणजे महिन्याचा मूळ पगार, ७५ हजार. ७५,००० गुणिले १५ भागिले २६, गुणिले ५: २ लाख १६ हजार. त्यात ऑक्टोबरअखेरपर्यंतचा तीन महिन्यांचा पगार, सुमारे १ लाख ३७ हजार दरमहा हातात. आणि कंपनी काय देऊ करत होती? दीड लाख, आजच्या आज सही केली तर.

आता कायद्याने त्याला याहून जास्त मागता आलं असतं का? तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार होता, पण तो 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच. लीड म्हणून माणसं सांभाळणारा त्यात बसतो का, यावर वर्षानुवर्षं वाद घालता येतो. दादाला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालायचे नव्हते, त्याला नोकरी हवी होती. म्हणून आम्ही भांडणाऐवजी ई-मेल लिहिला, सहा ओळींचा: आजच्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं, माझ्या पत्रानुसार नोटीस ९० दिवसांची आहे, ती मी पेरोलवर राहून पूर्ण करायला तयार आहे, शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर धरावा. सूर तक्रारीचा नाही, घडलं ते तारखेसह. तिसऱ्या दिवशी होकार आला. काम काही देणार नव्हते, रोज लॉगिन करायचं.

यात पैशांपेक्षा मोठा फायदा वेगळा होता. नोकरीच्या पोर्टलवर रिक्रूटर पहिली चाळणी नोटीस पिरियडची लावतात. 'सर्व्हिंग नोटीस, शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर' असं लिहिलेला माणूस आणि 'सध्या नोकरी नाही' असं लिहिलेला माणूस, दोघांचं कौशल्य तेच असलं तरी फोन पहिल्याला जास्त येतात. अन्याय आहे, पण आहे हे असं.

वहिनीची वही

पहिल्या रविवारी दादाने लॅपटॉपवर एक्सेल उघडलं. बँकेची स्टेटमेंटं, क्रेडिट कार्ड, तासभर खटाटोप. शेवटी वहिनीने ओट्यावरची डायरी आणून समोर ठेवली. किराणा, दूध, शाळेची फी बारा महिन्यांत वाटून, काकांची औषधं ४,३००, गॅस, सोसायटी मेंटेनन्स, हप्ता, मावशीच्या भिशीचे दोन हजारसुद्धा. एकूण १ लाख १८ हजार. तिचे स्वतःचे २८ हजार वजा केले तर दादाकडून ९० हजार हवेत.

"नव्वद?" दादा म्हणाला. त्याच्या डोक्यात साडेतेवीस लाख होते. तेरा वर्षांत त्याने पगार कधी महिन्याच्या भाषेत मोजलाच नव्हता. दर वेळी किती टक्के हाइक, मित्रापेक्षा किती पुढे, एवढंच. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं पहिल्यांदा दिसलं.

शोधाचे तीन महिने

बायोडाटात पहिली ओळ होती: 'टेस्ट केसेस लिहिणे, डिफेक्ट ट्रॅकिंग, टीम कोऑर्डिनेशन.' हे पुण्यातल्या हजारो बायोडाटांत असतं. मी विचारलं, खरं काय केलंस? बराच वेळ मान खाजवल्यावर कळलं, की विमा कंपनीच्या रिन्यूअल मॉड्यूलच्या ११०० रिग्रेशन केसेसपैकी (बदलानंतर जुनं सगळं नीट चालतंय ना, याच्या चाचण्या) ७०० त्याच्या टीमने सेलेनियम या ऑटोमेशनच्या टूलवर आणल्या होत्या आणि चार दिवसांचं रिग्रेशन दीड दिवसात व्हायला लागलं होतं. "मग हे का नाही लिहिलंस?" तर म्हणे, "ते तर आमचं कामच होतं." ती ओळ वर गेली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लॉगिन करून बसल्या जागी त्याने प्लेराइट हे तसंच दुसरं टूल शिकून घेतलं आणि एपीआय टेस्टिंगची धूळ झटकली, कारण जेडीमध्ये, म्हणजे जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनात, नुसतं मॅन्युअल टेस्टिंग कुठेच दिसेना. चाचणीच्या स्क्रिप्टचा पहिला मसुदा आता एआय लिहून देतं. काय तपासायचं हे ठरवणारा माणूस हवा असतो, पण त्यालाही कोड वाचता यायला लागतो.

कन्सल्टन्सीचे फोन सगळे एकाच छापाचे. करंट सीटीसी (कंपनीचा वर्षाचा सगळा खर्च धरून सांगतात तो पगार), एक्स्पेक्टेड सीटीसी, शेवटचा दिवस, "फेस टू फेस चालेल ना?" आणि साडेतेवीस ऐकलं की "सर, बजेट सोळा आहे", फोन बंद. सप्टेंबरअखेरीस उत्तर बदललं: "सध्याचा साडेतेवीस आहे, त्यात व्हेरिएबल धरून. मला फिक्स्ड अठराच्या आसपास हवा, बाकी रचनेवर बोलू." फोन थोडे लांबू लागले. सध्याचा पगार फुगवून सांगायचा नाही, हे मी त्याला दोनदा बजावलं. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफच्या यूएएन क्रमांकावरची सेवेची नोंद, सगळं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये उघडं पडतं. आणि पडलं की दिलेली ऑफरही जाते.

खराडीच्या एका शनिवारच्या भरतीच्या ड्राइव्हला तो सकाळी नऊला पोहोचला, नंबर आला दुपारी अडीचला. रांगेत त्याच्या पुढे दोन वर्षं अनुभवाची मुलं, मागे अठरा वर्षं अनुभवाचा एक मॅनेजर, घरून डबा घेऊन आलेला. एका कंपनीने ऑनलाइन फेरीत दुसरा मोबाइल पाठीमागे ठेवायला लावला, खोली दिसावी म्हणून. दुसऱ्याच्या जागी बसून मुलाखती देणारे इतके झालेत, की प्रामाणिक माणसालाही आता खोली दाखवावी लागते.

एक भामटाही भेटला. मोठ्या कंपनीचं नाव, साध्या जीमेलवरून ऑफर, आणि 'व्हेरिफिकेशनसाठी १२,५०० रुपये, परत मिळतील'. दादा भरणार नव्हता, पण दोन तास विचार मात्र करत होता, आणि हेच मला जास्त टोचलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि विषय सोडला.

गणपतीत घरी आलेला प्रत्येक जण विचारायचा, "सध्या कुठे?" दिवाळीत दादाने नातेवाइकांकडे जायचंच टाळलं. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं तेव्हा हातात एकही ऑफर नव्हती. त्या काळाबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्यानेही जास्त सांगितलं नाही.

माझी चूक

३१ ऑक्टोबरला शेवटचा दिवस झाला. ग्रुप पॉलिसी त्याच मध्यरात्री संपली. मला ठाऊक होतं की ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्यात आधी काढलेला प्रतीक्षा काळ (ज्यात जुन्या आजाराचा खर्च मिळत नाही) धरला जातो, आणि हा अर्ज जुनं कव्हर चालू असतानाच करायचा असतो. आजारी आई-वडील असलेल्या माणसाला यासारखी दुसरी सोय नाही. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला होता. मी ग्रॅच्युइटीचे दिवस मोजत बसले आणि हे सांगायचंच विसरले. ९ नोव्हेंबरला आठवलं. फोन केला तर उत्तर, कव्हर संपलेलं आहे, आता नवा प्रस्ताव द्या. अडुसष्ट वर्षं, मधुमेह, स्टेंट. नव्या प्रस्तावात आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते.

११ नोव्हेंबरच्या रात्री काकांच्या छातीत दुखू लागलं. दादाने पावणेबाराला गाडी काढली. डांगे चौकातून चिंचवडच्या रुग्णालयात जाईपर्यंत काका सारखं म्हणत होते, "अरे, वडे खाल्लेत म्हणून झालंय, उगाच धावपळ." खरोखर तेवढंच होतं. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, रात्रभर निरीक्षण, बिल १८,४०० रुपये. वहिनीने ते डायरीत लिहिलं. मी तिथे होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बरंच झालं.

दोन पत्रं

खराडीच्या सर्व्हिसेस कंपनीचं पत्र ७ नोव्हेंबरला आलं होतं: २१ लाख. बाणेरच्या छोट्या प्रॉडक्ट कंपनीचं १४ तारखेला: १८ लाख २० हजार. (मध्ये एक बावीस लाखांचंही होतं, थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे मधल्या एजन्सीच्या नोकरीत, एका वर्षाच्या कंत्राटाचं, आई-वडिलांना विमा नाही. ते आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवलं.)

दादाचं मन एकवीसवर. "तेरा वर्षांनी अठरा? लोक काय म्हणतील?" मी ॲनेक्श्चर उघडलं, म्हणजे शेवटच्या पानावरचा तक्ता. पत्रातलं खरं वाचायचं पान तेच असतं.

एकवीस लाखांत व्हेरिएबल, म्हणजे पूर्ण मिळेलच असं नसलेला भाग, २ लाख ५२ हजार. कंपनीचा पीएफ १,००,८००. ग्रॅच्युइटीचे ४०,४०४, जी पाच वर्षं टिकलात तर मिळणार. विम्याचा हप्ता २४ हजार, तोही सीटीसीतच. जॉइनिंग बोनस एक लाख, तोही सीटीसीतच, आणि १८ महिन्यांच्या आत सोडलं तर पूर्ण परत. इथे पेरोलमधली एक खाच आहे: बोनस हातात पडतो तो कर कापून, ८४ हजारांच्या आसपास. परत मागतात तो मात्र एक लाख. हे सगळं वजा केल्यावर महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, उरला १,३१,९००. त्यातून पीएफ ८,४००, प्रोफेशनल टॅक्स २००, नव्या करपद्धतीने टीडीएस, म्हणजे पगारातून कापला जाणारा आयकर, साधारण ९,२००. हातात १ लाख १४ हजार.

बाणेरवाल्यांचं सगळं फिक्स्ड. ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीच्या बाहेर, विम्यात आई-वडील, तेही आधीच्या आजारासह. पीएफ मात्र १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे दोन्हीकडून महिना प्रत्येकी १,८०० फक्त. आम्ही १९ मागितले, ते १८ लाख ६० वर थांबले. मग पैशांवरून बाजूला होऊन दोन गोष्टी मागितल्या: नोटीस ९० ऐवजी ६० दिवस, आणि विमा प्रोबेशन संपल्यावर नव्हे तर पहिल्या दिवसापासून. दोन्ही मिळाल्या, आणि ई-मेलवर लिहून मिळाल्या. एचआरला पगाराचा आकडा वाढवायला वरची परवानगी लागते. तारखा आणि अटी बऱ्याचदा तिच्याच हातात असतात. मंदीत मागणी कुठे करायची, याचं उत्तर माझ्या अनुभवात हेच आहे.

१८ लाख ६० हजारांचे हातात किती? महिन्याचा ग्रॉस १,५३,२००, त्यातून १,८००, २०० आणि टीडीएस साधारण १३,२००. उरले १ लाख ३८ हजार.

दादाने जुनी स्लिप काढली. साडेतेवीस लाखांच्या काळात हातात १ लाख ३७ हजार येत होते.

"म्हणजे पगार पाच लाखांनी कमी होऊन हातात हजार जास्त?" तो हसला. मी त्याला फार वेळ हसू दिलं नाही. जुन्या नोकरीत दोन्ही बाजू मिळून महिना १८ हजार पीएफमध्ये जात होते, आता ३,६०० जाणार. म्हातारपणाच्या डब्यातून महिना १४,४०० कमी. व्हेरिएबलही गेलं. आनंद अर्धाच.

खराडीशी तुलनाही एकतर्फी नव्हती. हातात बाणेरचे २३,९०० जास्त, पण पीएफमध्ये खराडीचे १३,२०० जास्त. म्हणजे खरा फरक १०,७०० चा. खराडीचं व्हेरिएबल पूर्ण मिळालं, तर कर जाऊन महिन्याला १७ हजार होतं. म्हणजे साधारण ६३ टक्के मिळालं की दोन्ही पत्रं सारखी. तिथे आई-वडिलांना विमा हवा तर स्वतःच्या खिशातून वर्षाला ५८ हजार. ते धरले तर ९० टक्क्यांच्या वर व्हेरिएबल मिळायला हवं. दादाने तिथल्या ओळखीच्या एकाला विचारलं. गेल्या वर्षी त्याला साठ टक्केही मिळालं नव्हतं.

याच सुमारास, २१ नोव्हेंबरला, चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि माझ्या ऑफिसात फोनच फोन. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. त्यामुळे ४० टक्के बेसिकची खराडीसारखी पत्रं आता पुन्हा मांडली जातील. दादाला मी एवढंच सांगितलं, की याच्या भरवशावर आज काही ठरवू नकोस.

शेवटी निर्णय तक्त्यावर झाला की ११ नोव्हेंबरच्या रात्रीवर, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. १ डिसेंबरला तो बाणेरला रुजू झाला. पुनावळ्याहून बाणेर, गर्दीत पाऊण तास. खराडीला गाडी त्याच्या दुप्पट वेळ घेते, तेही नशीब चांगलं असलं तर.

नंतरची कामं किरकोळ, पण राहिली की अंगाशी येतात. जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख भरली का ते पाहिलं, नसती भरली तर ट्रान्स्फर अडली असती. फॉर्म १२बी भरून जुन्या नोकरीचं उत्पन्न नव्या कंपनीला कळवलं. नाहीतर दोघंही करमुक्त मर्यादेचा फायदा वेगवेगळा धरतात आणि रिटर्न भरताना मोठा कर अंगावर येतो. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते. ती २८ नोव्हेंबरला जमा झाली, २ लाख १६ हजार ३४६. दादाने मला मेसेजमध्ये फक्त तेवढाच आकडा पाठवला.

पहिली स्लिप ३१ डिसेंबरला आली. वहिनीने आकडा डायरीत उतरवला, खाली रेघ मारली, आणि विचारलं, "त्या व्हीपीएफचं काय झालं? आठ हजार टाकणार होतास ना?" व्हीपीएफ म्हणजे पीएफमध्ये स्वतःहून टाकायचे जास्तीचे पैसे. पीएफचं व्याज २०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं, सुटलेल्यापैकी निदान अर्धं तिथे जावं म्हणून मीच मागे लागले होते. दादा म्हणाला, फॉर्म उद्या भरतो. आज चौकशी केली, अजून भरलेला नाही.